रिकामी ठेवलेली ओळ

मामींनी चहाच्या कपाकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "चंद्र."

मामा हसले. आयुष्यभर नाटकात काम केलेली बाई, आजारातून उठून घरी आली आणि पहिल्याच सकाळी गंमत करते आहे, म्हटल्यावर हसायलाच हवं. मग मामींनी चमच्याकडे बोट दाखवलं. "चंद्र." मग खिडकीकडे, मग स्वतःच्या चपलांकडे आणि शेवटी मामांच्या छातीकडे. "चंद्र. चंद्र. चंद्र." शेवटचा चंद्र म्हणताना त्यांच्या डोळ्यांना धार लागली, तेव्हा कुठे मामांच्या डोक्यात प्रकाश पडला. हातात किटली तशीच धरून ते मटकन खुर्चीत बसले.

डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं असं नाही. अर्धांगाचा झटका उजव्या हातावरून गेला होता आणि जाता जाता शब्द घेऊन गेला होता. "त्यांना समजतं सगळं," डॉक्टर म्हणाले होते, "बोलायला गेलं की भलताच शब्द येईल, नाहीतर येणारच नाही." मामांनी तेव्हा मान डोलावली होती. डॉक्टरांपुढे आपण सगळेच डोलावतो. पण ज्या बाईने तीन अंकी नाटकं एका दमात म्हणून दाखवली, तिला कपाला कप म्हणता येऊ नये? मामांच्या पायाखालची जमीन सरकली ती त्या सकाळी, स्वयंपाकघरात.

आता हे मामा नात्याने कुणाचेच मामा नव्हते. ते एका नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. विंगेत, म्हणजे स्टेजच्या कडेला पडद्याआड, एका डुगडुगत्या स्टुलावर बसायचं आणि नट अडखळला की पुढचं वाक्य हळूच त्याच्या कानावर घालायचं, हे त्यांचं काम. कंपनीतली पोरं त्यांना मामा म्हणायची, म्हणून कंपनीची थोरली नटी त्यांच्याशी लग्न करून आपसूक मामी झाली. मामांचा कान असा की नटाचा श्वास जरा लांबला तरी ते ओळखत, गाडी अडणार. स्टेजवरची शांतता म्हणजे त्यांच्या लेखी आग होती. दिसली की विझवायची, विचारत बसायचं नाही.

एकट्या मामींना त्यांनी कधी वाक्य दिलं नव्हतं. गरजच पडली नाही. स्टेजवर मिळाली नाही ती संधी मामा घरी साधायचे, ही गोष्ट वेगळी. नळ दुरुस्त करायला आलेला माणूस 'वॉशर' म्हणायच्या आत मामा "वॉशर गेलाय ना?" म्हणून मोकळे. पाहुणे वाक्य सुरू करायचे, संपवायचे मामा. मामी कपाळावर हात मारून म्हणायच्या, "अहो, घरात तरी मला माझं बोलू द्या."

आणि आता तर मामांना रानच मोकळं मिळालं. मामींनी "पा" म्हटलं की "पाणी! आणतो!" "उ" म्हटलं की "उशी? उठायचंय? उजेड हवाय?" मामी ओठ मिटून घ्यायच्या आणि बोटाने दाखवायच्या. मामांना वाटायचं, आपण किती मदत करतो आहोत!

बोलणं शिकवायला एक थेरपिस्ट बाई घरी येत. वयाने लहान, पण सरळ बोलणाऱ्या. दोन-तीन वेळा हा प्रकार बघितल्यावर त्या मामांना जिन्यापर्यंत घेऊन गेल्या.

"काका, त्यांचा शब्द त्यांना शोधू द्या. तुम्ही देऊ नका."

"पण तिची तडफड बघवत नाही हो."

"नाही बघवली तर बाहेर जाऊन उभे राहा. मला त्यांच्याकडून एक वाक्य हवंय. त्यांचं स्वतःचं, कुणी न शिकवलेलं, कुणी न सुचवलेलं. ते एक आलं की मागून बाकीची येतील."

"आणि नाही आलं तर?"

त्या बाईंनी चपला घातल्या, पट्टा नीट केला, आणि मग म्हणाल्या, "फार उशीर झाला तर माणूस प्रयत्न सोडतो, काका. तसं व्हायला नको."

मामांच्या तोंडचं पाणी पळालं. त्या दिवशी त्यांनी तोंडाला कुलूप लावायचं ठरवलं, आणि ते कुलूप संध्याकाळच्या चहापर्यंत टिकलं.

मग एका संध्याकाळी ते औषधं घेऊन परत आले. दार उघडं होतं. गॅलरीतून आवाज येत होता, आणि तो आवाज ऐकून मामा उंबऱ्यातच थिजले.

"चंद्रा, तू रोज थोडा थोडा झिजतोस, आणि तुझ्यासाठी कुणी वैद्य बोलावत नाही. तू परत भरणार, हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझं तसं कुणालाच ठाऊक नाही. म्हणून तर मी रोज तुझ्याकडे बघत बसते."

आजारी राणीचं स्वगत. कंपनीच्या सगळ्यात जुन्या नाटकातलं, दुसऱ्या अंकाच्या शेवटचं. एकही शब्द इकडचा तिकडे नाही, एकही श्वास चुकलेला नाही. मामी गॅलरीत खुर्चीवर बसल्या होत्या, समोरच्या इमारतीच्या टाकीवर अर्धा चंद्र आला होता, आणि त्या त्याच्याशी धडधडीत बोलत होत्या! मामांच्या हातातून औषधांची पिशवी सुटली.

स्वगत संपलं आणि मामींनी डाव्या हाताने उजवा, लुळा हात उचलून तळव्याला तळवा टेकवला.

"देवा, दिवस दिलास, तो पुरला. अन्न दिलंस, ते पुरलं. माणसं दिलीस, ती पुरून उरली. आता एकच मागते..."

ही प्रार्थना मामांना दुरून ओळखीची. स्टेजवर जायच्या आधी मामी विंगेत उभ्या राहून ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायच्या. मामांचा देवावर काडीचा विश्वास नाही. "झाला का अर्ज करून?" म्हणून ते चिडवायचे. तो अर्ज नीट कानावर पडला तो आज.

मामा आत धावले. "बोललीस! अगं, तू बोललीस! म्हण, पुन्हा म्हण! माझ्याशी बोल!"

मामी दचकल्या. त्यांनी मामांकडे बघितलं, तोंड उघडलं. "चं... चं..."

"चंद्र!" मामा ओरडले.

मामींनी तोंड मिटलं.

त्या रात्री मामांच्या घशाखाली घास उतरला नाही. चंद्राशी बोलते, देवाशी बोलते, आणि माझ्याशीच बोलायचं हिच्या जिवावर येतं? त्यांना रागही आला आणि त्या रागाची लाजही वाटली. दुसऱ्या दिवशी त्यांनी थेरपिस्ट बाईंना दारातच गाठलं.

"त्या नाटक करत नाहीयेत, काका," बाई म्हणाल्या. "पाठ केलेलं डोक्यात वेगळ्या कोपऱ्यात राहतं. प्रार्थना, कविता, गाणी. झटका तिथवर पोचलेला नाही. याचा अर्थ त्या बऱ्या झाल्यात असा नाही."

मामांचा चेहरा पडला. एवढ्या उंच चढलेला माणूस एवढ्या झटपट खाली आलेला त्या बाईंनीही बघितला नसेल.

"पण म्हणू द्या त्यांना रोज," त्या म्हणाल्या. "त्यांना बरं वाटतं त्याने. दिवसभर शब्द हातातून निसटतात, आणि तिथे ते सगळे जागेवर सापडतात. असं एक ठिकाण तरी हवं ना माणसाला?"

मग रोजचा नेम झाला. दिवे लागायच्या वेळेला मामी गॅलरीत बसत. चंद्र दिवसागणिक भरत चालला होता. दुपारभर रडवेल्या झालेल्या मामी त्याच्याकडे बघून राणी होत, आणि राणीचं संपलं की हात जोडत. त्यांचा चेहरा त्या वेळी असा निवलेला असे की मामांना देवाचाही थोडा हेवा वाटायचा. आणि मामा? मामा गॅलरीच्या दाराशी, पडद्याआड, स्टूल टाकून बसत. सवय कुठे जाते?

पहिल्याच दिवशी घात झाला. "आता एकच मागते..." म्हणून मामी थांबल्या. श्वास लांबला. मामांच्या कानांनी ओळखलं, गाडी अडली. पुढची ओळ त्यांना ठाऊक नव्हती, पण असल्या वेळी जुना प्रॉम्प्टर जुळवून घेतो. पडद्याआडून हळूच आवाज आला, "मला बरं कर."

मामी शहाण्या नटीसारख्या म्हणाल्या, "मला बरं कर."

मामांना केवढा आनंद झाला! इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी बायकोला वाक्य दिलं होतं आणि तिने ते घेतलं होतं. मग रोज तसंच. ती थांबायची, ते द्यायचे. देवाला न मानणारा माणूस रोज संध्याकाळी पडद्याआडून देवाकडे मागणं मागू लागला, आणि त्यात त्याला काही वावगं वाटेना.

हे कौतुक त्यांनी मेहुणीला सांगितलं. मामींची धाकटी बहीण भेटायला आली होती. मामी आत पडल्या होत्या आणि ही दोघं स्वयंपाकघरात बसली होती.

"सगळी प्रार्थना म्हणते," मामा म्हणाले, "फक्त शेवटची ओळ विसरते. ती मी देतो. 'मला बरं कर.'"

मेहुणीने हातातला कप खाली ठेवला. "कुठली शेवटची ओळ, भावोजी?"

"'एकच मागते'च्या पुढची."

"अहो, त्याच्या पुढे ओळच नाही!" ती जवळजवळ किंचाळली. "आमच्या आईची प्रार्थना ती. शेवट तिने मुद्दाम रिकामा ठेवला होता. जे मागायचं ते ज्याचं त्याने, आपल्या शब्दांत मागायचं. दुसऱ्याने तोंड घालायचं नाही. लहानपणी मी एकदा ताईच्या मध्ये बोलले तर आईने दोन दिवस अबोला धरला होता माझ्याशी."

मामांना आता उमगलं. म्हणजे ती अडत नव्हती. ती तिथे येऊन रोज स्वतःचं वाक्य शोधत होती. थेरपिस्ट बाईंना हवं होतं ते, तेच! आणि रोज, नेमकं त्याच वेळी, पडद्यामागून एक हात येऊन तिच्या तोंडात तयार घास कोंबत होता. त्यांना स्वतःच्या जिभेची शिसारी आली.

"तुमचं काही खरं नाही, भावोजी," मेहुणी म्हणाली. आणि मग त्यांचा चेहरा बघून, "रडू नका हो. आज गप्प बसा म्हणजे झालं."

त्या संध्याकाळी मामा स्टुलावर बसले ते तोंडात रुमालाचा बोळा घालून. स्वतःवर भरवसा नव्हता त्यांचा, आणि तो नसणंच बरोबर होतं. चंद्र जवळजवळ पुरा भरला होता. राणीचं स्वगत झालं. दिवस पुरला, अन्न पुरलं, माणसं पुरून उरली.

"आता एकच मागते..."

शांतता. खालच्या रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. मामींनी मान वळवून पडद्याकडे बघितलं. मामी वाक्याची वाट बघत होत्या. मामांच्या घशात 'मला बरं कर' येऊन उभं राहिलं आणि त्यांनी दात रुमालात रुतवले. पडद्यामागून आवाज येत नाही म्हटल्यावर मामी आधी गोंधळल्या, मग घाबरल्या, मग त्यांनी पुन्हा चंद्राकडे तोंड केलं. खांदे वर-खाली होऊ लागले.

"यांना..." मामी म्हणाल्या.

मामांचे डोळे भरून आले. यांना सुखी ठेव. दुसरं काय असणार! जगातल्या सगळ्या नाटकांतल्या बायका हेच मागतात. ओळ अगदी जिभेवर आली होती.

"यांना... आधी... ने."

रुमाल तोंडातून पडला. मामा पडदा ढकलून गॅलरीत आले, स्टूल मागे आडवं झालं. "आधी? कुणाच्या आधी? अगं, शब्द चुकला तुझा. तुला 'मला' म्हणायचंय. डॉक्टर म्हणालेच होते, भलताच..."

मामींनी जोरात मान हलवली. डावा हात उचलून त्यांनी मामांच्या छातीवर ठेवला. "यांना." मग तोच हात स्वतःच्या छातीवर. "मग... मला."

चूक नव्हती. जिच्या उशापायथ्याशी ते महिनोन् महिने बसले, ती देवाकडे त्यांचं मरण मागत होती, शुद्धीवर, हात जोडून.

"मी तुझं काय वाईट केलं गं?" ते कसेबसे म्हणाले.

आणि मग ते गप्प बसले. ठरवून नव्हे, बोलायला काही सुचेना म्हणून. मामी शब्द शोधत होत्या. कपाळावरची शीर ताठ झाली होती, ओठ एका बाजूला ओढले जात होते. मामांनी बघवत नसताना बघितलं.

"यांना... शांतता... सोसत नाही," मामी चंद्राला म्हणाल्या. "मागे... एकटे... नको."

खाली रस्त्यावर दिवे लागले. मामा कठड्याला धरून उभे होते. मग त्यांना विचारायचं सुचलं.

"आणि तू? तू एकटी राहशील?"

या वेळी मामींना फार शोधावं लागलं नाही. त्यांनी मामांकडे बघितलं, थेट, आणि रागाचा लवलेशही न ठेवता म्हणाल्या, "मला सवय झालीय."

थेरपिस्ट बाईंना हवं होतं ते वाक्य आलं होतं. अख्खं, न अडखळता, कुणी न दिलेलं. मामा मामींच्या खुर्चीचा हात धरून खाली फरशीवर बसले आणि रडू लागले.