मोटारीची राखण

आमच्या विहिरीवरची मोटार गेली त्या दिवशी राखणीला दहा वर्षांची मुंगी बसली होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की म्हातारीनं लपवलं.

विहीर सात घरांची. तिच्याच पाण्यावर सगळ्यांची वांगी-मिरची. राखणीचे दिवस घरागणिक वाटून दिलेले. पण आम्ही पडलो शहाणे. ज्या घराचा दिवस असेल त्या घरातली मोठी माणसं शेतात जायची आणि सगळ्यात लहान पोर विहिरीवर बसायचं. नियम एकच, अनोळखी माणूस दिसला की बोंब ठोकायची.

त्या दिवशी मुंगीची आई माझ्याच वाफ्यांत खुरपत होती. नवरा वारल्यापासून या मायलेकी दिराच्या घरामागच्या पडवीत राहायच्या. दीर म्हणजे आमचा वायरमन. गावातली एकही मोटार त्याच्या हाताखालून न गेलेली नव्हती. विहिरीवरची तर त्यानं महिन्यापूर्वीच नवी तार घालून भरून दिली होती. अस्सल तांब्याची तार, असं तो म्हणाला होता.

दुपारी तोच ओरडत आला. "मोटार गेली! बोल्ट खोलून नेली!"

ढेकळं अनवाणी पायाला चटके देत होती, तरी सातही घरं धावली. मुंगी मांडीवर काठी घेऊन कट्ट्यावर बसलेली.

"कोण आलं होतं गं?" ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं.

"अनोळखी कोणी नाही आलं."

"डोळा लागला असेल," वायरमन म्हणाला. "पोरच ते."

तेवढ्यात रस्त्यानं भंगारवाला जाताना दिसला. बारा वर्षं येतोय तो आमच्याकडं. पण लोखंड गेलं म्हटल्यावर लोखंड घेणाराच आधी आठवतो. धरला आणि विहिरीवरच्या शेडच्या खांबाला बांधला. पळून जाऊ नये म्हणून कोणीतरी सायकलचा टायरही विळ्यानं कापला.

"अहो, मोटारीचं वजन दोन माणसांचं," तो म्हणाला. "माझ्या सायकलवर बसेल तरी का?"

हे आम्हाला पटलं. पण तोवर त्याला बांधून झालं होतं.

हवालदार यायला तास-दोन तास होते. तेवढ्या वेळात आम्ही मुंगीला तयार केली. गिरणीवाली म्हणाली, "सांग, निळा शर्ट होता." भंगारवाल्याचा शर्ट निळाच होता. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "हातात पाना होता म्हण." मी पण मागं राहिले नाही. "बाई, एकदा त्याचं नाव घे आणि मोकळी हो. कशाला डोक्याला ताप?" असं मी म्हणाले. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते.

मुंगीनं सगळं ऐकून घेतलं आणि मग आईला बाजूला ओढून तिच्या कानात काहीतरी सांगितलं. आईचा चेहरा पांढराफटक पडला. मी तीन पावलांवर होते, म्हणून तिचं उत्तर मला ऐकू आलं.

"आपण त्यांच्या घरात राहतो. एवढं लक्षात ठेव आणि गप्प बस."

"मग भंगारवाल्याला सोडतील?"

आई वळली. जाऊन खुरपं धुऊ लागली. ते आधीच स्वच्छ होतं.

हवालदार आला. पोटामुळं वाकता येईना, म्हणून त्यानं मुंगीलाच कट्ट्यावर उभं केलं.

"चोर दिसला का तुला?"

"नाही."

"मग कोण दिसलं?"

मुंगीनं आईकडं बघितलं. मग खांबाकडं बघितलं.

"काका दिसले."

"काय करत होते?"

"पान्यानं मोटार खोलली. मग पहार लावून विहिरीत ढकलली. मी विचारलं तर म्हणाले, तापलीय, गार करतोय."

"मग ओरडली का नाहीस?"

"काका अनोळखी नाहीत."

वायरमन हसला. "लहान तोंडी मोठा घास. साहेब, पोरीला काय कळतंय?"

हवालदारानं विहिरीत डोकावून बघितलं. "दोर आणा," म्हणाला.

ट्रॅक्टरवाला बुडी मारून दोर बांधून आला. आठ जणांनी ओढल्यावर मोटार वर आली. उघडली तर आतली तार जळून कोळसा. हवालदारानं विड्याची पानं कापायच्या चाकूनं ती खरवडली, तर खाली पांढरी निघाली. तांब्याचं नाव नाही. स्वस्तातली तार घातली, ती जळाली, आणि जळकी मोटार कोणी बघू नये म्हणून गड्यानं ती चोरीलाच घातली. कुंपणानंच शेत खाल्लं होतं आणि आम्ही संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो.

वायरमन हवालदाराच्या फटफटीवर मागं बसून गेला. भंगारवाल्याला सोडलं. माफी कोणी मागितली नाही, मी पाण्याचा तांब्या तेवढा दिला. पाणी पिऊन त्यानं विचारलं, "टायर कोणी कापला?"

सातही घरांत कोणाला माहीत नव्हतं. मुंगीनं तोंड उघडलं मात्र, तशी ट्रॅक्टरवाल्यानं घरी जाऊन स्वतःच्या सायकलचा टायर काढून आणून दिला.

दिवस मावळायच्या आत मुंगीच्या काकूनं पडवीतली भांडी, अंथरुणं, पत्र्याची पेटी, सगळं गल्लीत फेकलं. "ज्या ताटात जेवलीस त्यालाच भोक पाडलंस गं!" ती ओरडत होती. मुंगी पडेल ते भांडं उचलून आकाराप्रमाणं एकात एक ठेवत होती. गल्लीतली दारं एकेक करून लागली. सगळ्यांना एकदम आत काम निघालं. मला पण निघालं होतं.

भंगारवाला मिळालेला टायर बसवून निघाला होता. ढीग बघून सवयीनं थांबला.

"भंगार आहे का?"

"नाही," मुंगीची आई म्हणाली. "संसार आहे."

त्यानं स्टँड लावलं, आणि न विचारता पेटी सायकलला बांधायला घेतली. "कुठं न्यायचं?" म्हणाला. बाई एकेका बंद दाराकडं बघू लागली. तेव्हा मात्र माझ्यानं राहवेना. मी कडी काढली आणि म्हणाले, "इकडं आण. माझी मागची खोली रिकामी आहे." फार उशीर केला मी. पण केलं.

दुसऱ्या दिवशी उजाडलं आणि गावात चमत्कार सुरू झाले. दोन वर्षांपूर्वी हरवलेलं फावडं शाळेच्या भिंतीला टेकून उभं होतं. गिरणीतलं वजनमाप अचानक बरोबर दाखवायला लागलं. ट्रॅक्टरवाल्याच्या बांधावरचा दगड हातभर मागं सरकला, आपणहून. कोणी काही बघितलं नव्हतं, कोणी काही बोललंही नव्हतं. पण मुंगीनं बघितलं नसेल, अशी आमच्यातल्या एकाचीही खात्री नव्हती.

मला तर घरातच धास्ती. खुराड्यापासून मुंगीचं अंथरूण दहा पावलांवर. चहा टाकायच्या आधी मी दोन कोंबड्या पदराखाली घेतल्या आणि गिरणीवालीच्या कुंपणावरून हळूच आत सोडल्या. परत आले तर मुंगी उंबऱ्यावर बसून वेणी घालत होती.

"आजी," ती म्हणाली, "ती पांढरी पण त्यांचीच आहे."