मिस कॉलचे दिवस

माझ्या अंगावरचे पाच आणि आठ हे आकडे पार पुसून गेले आहेत. मित्रांनो, यावरूनच माझं वय ओळखा. मी बटणांचा एक जुना मोबाइल आहे. कारखान्यात माझ्यासारखी हजारो भावंडं एकाच दिवशी जन्मली. पण इस्त्रीच्या टेबलावर बिऱ्हाड थाटायचं भाग्य एकट्या माझ्या वाट्याला आलं.

माझी मालकीण गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीचं दुकान चालवायची. घड्या घातलेल्या कपड्यांपलीकडे, वाफ लागणार नाही अशा जागी ती मला जपून ठेवी. तिचा एकुलता एक मुलगा परगावी लिफ्ट दुरुस्त करायचा. माझं सिम तेव्हा प्रीपेड होतं. आधी रिचार्ज, मग बोलणं. म्हणून मायलेकांनी एक रीत पाडली होती. दुपारी गिऱ्हाइकं पांगली की ती मिस कॉल द्यायची. एक रिंग वाजली की अंगठ्याने कट. लेक लिफ्टच्या खड्ड्यातून वर आला की उलट फोन करायचा. एकदा त्याने पहिल्याच रिंगला उचलला, तर तिने त्यालाच झापलं, "उचललास कशाला? हकनाक बॅलन्स गेला ना." आणि फोन ठेवून दिला. पाच मिनिटांनी त्याचा फोन आला, तेव्हा दोघंही पोट धरून हसले. ते दिवस आठवले की मला अजून भरून येतं.

पुढे लेकाला बढती मिळाली. त्याने हौसेने आईचा नंबर पोस्टपेड करून घेतला. दोन वर्षांचा करार, बिल तो भरणार, बोलणं हवं तेवढं. तिने बरेच आढेवेढे घेतले. दोन वर्षांची हमी मी कुणाला देऊ, माझा मलाच भरवसा नाही, असं ती म्हणे. पण लेकाच्या हट्टापुढे तिचं काही चालेना. नवं सिम माझ्या पोटात गेलं आणि मी फुशारलो, खोटं कशाला बोलू?

आता मिस कॉल बंद, मनात येईल तेव्हा थेट फोन लाव, असं त्याने बजावलं होतं. इथेच घोडं पेंड खायला लागलं. मिस कॉल म्हणजे नुसती हाक. थेट फोन करायचा तर काहीतरी काम हवं, असं तिचं मत. त्याचे हात तारांमध्ये अडकलेले असतील, त्याला कशाला त्रास, म्हणून ती त्याच्या फोनची वाट पाहत राही.

अकरा दिवस मी मुका होतो. बाराव्या दिवशी ती मला घेऊन मोबाइलच्या दुकानात गेली आणि हा बिघडलाय, वाजतच नाही, असं सांगू लागली. दुकानदाराने स्वतःच्या फोनवरून तिचा नंबर लावला. मी खणखणलो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मावशी, फोन ठणठणीत आहे," तो हळूच म्हणाला.

मग मला परत प्रीपेड करून दे, असं तिने विनवलं. करार मध्येच मोडता येत नाही, हे त्याने नीट समजावून सांगितलं. ती दुकानाच्या पायरीवर बसली. बऱ्याच वेळाने तिने नंबर लावला. एक रिंग झाली, अंगठा बटणावर आला. पण तिने दाबला नाही.

"आई? काय झालं? बरी आहेस ना?"

"बरी आहे रे. काम काही नाही. तुझा आवाज ऐकायचा होता."

"मीही रोज तुझ्याच फोनची वाट बघत होतो गं. वाटलं, गिऱ्हाइकांच्या गडबडीत असशील."

त्या दिवशी माझी बॅटरी संपेपर्यंत दोघं बोलत होते.

आता माझी बॅटरी चार्जच धरत नाही. मी कपाटाच्या खणात पडून असतो. बाहेर ती दुसऱ्या फोनवर लेकाशी बोलते, ते ऐकू येतं. थोडा हेवा वाटतो, पण बरंही वाटतं.

मित्रांनो, आम्हाला पाण्यापासून जपा, पाडू नका, एवढं तर मी मागणारच. पण घरातला फोन बरेच दिवस वाजला नाही, तर बिघाड त्याच्यात शोधू नका. ज्याची आठवण येते, त्याला आधी तुम्हीच फोन लावा.