नाळेचं नाव

पाण्याच्या मडक्यावर भोपळ्याचा डोया टक्कन आपटला, आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की बाळाचं रडणं थांबलंय.

बरं वाटायला हवं होतं. जन्मल्यापासून ते रडतच होतं. पण हे थांबणं निराळं होतं. ओठ हलत होते, आवाज निघत नव्हता. मी त्याला छातीशी घेतलं, तर दुधाचा थेंब त्याच्या गालावरून ओघळून मानेच्या घडीत गेला. माझी छाती दुधाने दगडासारखी झालेली, आणि मांडीवर माझंच लेकरू वाळत चाललेलं.

"दमलंय गं," सुईणआजी म्हणाल्या. घोटभर पाणी पिऊन त्यांनी डोया पुन्हा मडक्यावर ठेवला, या वेळी अगदी हळू. "रडायलासुद्धा पोटात काहीतरी लागतं. बस नीट. परत सुरू करू."

सुरू करायचं म्हणजे नावं घ्यायची. मूल दूध घेईना, की त्याचं नाळेचं नाव अजून सापडलं नाही असं आम्ही समजतो. घराण्यातलं कुणीतरी गेलेलं माणूस त्याच्याबरोबर परत आलेलं असतं, आणि आपल्याला ओळखेपर्यंत ते रुसून बसतं. सुईणीने एकेक नाव घ्यायचं, आईने मुलाला छातीशी धरायचं. ज्या नावाला ते तोंड लावेल, ते त्याचं. माझ्या थोरल्या लेकीच्या, मलामाच्या वेळी पहिल्याच नावाला काम झालं होतं. माझी पणजी होती ती. जिवंतपणीही हावरट होती म्हणे.

"कापेम्ब्वा, तू आहेस का?" आजी बाळाच्या कानाशी वाकल्या. "आलास ना घरी? मग पी."

बाळाने मान फिरवली.

"न्सोफ्वा? तू का रे बाबा?"

"न्सोफ्वामामा कसले येताहेत!" दारात बसून कसाव्याची मुळं सोलणारी माझी थोरली बहीण कासुबा म्हणाली. "ते जन्माला आले तर सरळ बिअरच्या मडक्याकडे रांगत जातील. दुधाला तोंड लावणार होय ते!"

मला हसू आलं आणि हसता हसता मी रडायलाच लागले.

"दवाखान्यात नेऊ या ना, ताई."

"कशातून? नदी बघितलीस का? नावाड्याने डोंगा उलटा घातलाय नि त्यावर कोंबड्या बसल्यात. पाणी उतरलं की पहिली तुलाच नेते."

नवरा दूर तळ्यावर मासेमारीला गेलेला. तो यायचा तोही याच नदीवरून.

दुपारपर्यंत माझ्या आईकडची नावं संपली, मग नवऱ्याकडची. एक उरलं होतं. ते आम्हा तिघींनाही ठाऊक होतं, आणि तिघीही तीन दिशांना बघत होतो.

नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर एक लोखंडी झाड आहे. त्याखाली दगडांचा ढीग आहे, आणि ढिगाखाली ती. येता-जाता प्रत्येकाने एक दगड टाकायचा आणि मागे न बघता चालू लागायचं. ती उठू नये म्हणून. परकी नाही, माझ्या त्याच पणजीची धाकटी बहीण. एका वर्षी गोवराने गावातली पोरं पटापट गेली. हिचं तेवढं राहिलं. गावाला तेवढं पुरलं. चेटकीण म्हणून तिला विषारी सालीचं पाणी पाजलं. निर्दोष असेल तर ओकेल, असा नियम. तिला ओकारी आली नाही. पाजताना तिच्या छातीशी असलेलं पोर ओढून काढावं लागलं, म्हणतात. जीव जाता जाता ती बोलली, "माझं नाव तुम्ही पुराल. पण तुमच्याच लेकराच्या तोंडून ते निघेल. त्या दिवशी मी घरी येईन, आणि तुमच्यातलं एक इथे माझ्या जागी येऊन झोपेल."

तेव्हापासून ते नाव बंद. पण तिचं नाव त्या झाडाचंच होतं, ज्याच्या लाकडावरून कुऱ्हाड उडते त्या झाडाचं. म्हणून झाडाचंही नाव बंद. आम्ही त्याला लोखंडी म्हणतो. आमच्या पोरांना दुसरा शब्दच माहीत नसतो. मला माझ्या आईने सांगितलं ते लग्नाच्या आदल्या दिवशी, कानात. काय बोलायचं नाही ते कळावं म्हणून.

तेवढ्यात मलामा शाळेतून आली. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात एक पान.

"आई, बाळ प्यायलं?"

"हळू बोल."

"नव्या सरांनी आज सगळ्यांना पानं आणायला सांगितली होती. मी लोखंडीचं नेलं, तर सर हसले. ते म्हणाले, असं कुठे नाव असतं का? त्यांच्या गावाकडे त्याला मुबांगा म्हणतात." तिने पान बाळाच्या नाकासमोर नाचवलं. "मुबांगा, मुबांगा! छान आहे ना?"

कासुबाचा सुरा मुळाच्या सालीतच थांबला.

आणि माझ्या मांडीवर हालचाल झाली. बाळाने मान वळवली, आंधळ्यासारखं हुंगत छातीपाशी आलं आणि तोंड लावलं. इतक्या जोरात ओढलं, की माझ्या पायाच्या अंगठ्यापर्यंत कळ गेली. सगळ्या घरात एकच आवाज. घुटुक, घुटुक.

"झाडाचं नाव घेतलंय पोरीने!" आजी दाराकडे तोंड करून ओरडल्या, जणू बाहेर कुणी उभं होतं. "नुसतं झाडाचं! ऐकलं ना? झाडाचं!"

कासुबाने मलामाला दंडाला धरून मागच्या अंगणात नेलं आणि राखेच्या पाण्याने तिच्याकडून चुळा भरून घेतल्या. "थुंक. परत थुंक." मलामा रडत विचारत होती, "पण मी काय केलं, मावशी?" कासुबाने सांगून टाकलं. ती कधी काही पोटात ठेवत नाही. त्या दगडांखालच्या बाईचं नाव तू घेतलंस, आणि बाळ तिला ओळखतं.

पलीकडच्या अंगणात गावातल्या म्हाताऱ्या नाव कळायची वाट बघत बसल्या होत्या. आजींनी जाऊन सांगितलं, कापेम्ब्वा आलाय, पोराच्या पणजोबांचा भाऊ. बायांनी जिभा नाचवून आरोळ्या ठोकल्या. मी आत बसून त्या आनंदाकडे कान देत होते आणि बाळाकडे बघायला भीत होते.

पुढच्या वेळेला मी म्हटलं, "कापेम्ब्वा, पी." त्याने मान फिरवली. मी लाडाने म्हटलं, रागावून म्हटलं. ओठ घट्ट मिटलेले.

"उद्या सकाळपर्यंत पाणी उतरेल," आजी म्हणाल्या. "तोवर दम धर. ते नाव घेऊ नकोस."

"आणि नाही उतरलं तर?"

आजींनी कमरेच्या कापडाचा काठ चिमटीत धरला. "मी हे बोलणार नव्हते, बाई. पण तू आई आहेस. ज्या तोंडातून नाव निघालं, तेच तोंड ती आधी मागेल. आत्तापर्यंत पोरीने नकळत म्हटलंय. तू म्हणशील ते कळून सवरून असेल, आणि फेडावं लागेल पोरीला."

त्यानंतर मी मलामाचं कपाळ सारखी चाचपत राहिले. गरम लागायचं. मग वाटायचं, माझाच हात गरम आहे. ती शिंकली की मी हातातलं टाकून तिच्याकडे धावायचे. तिला मी विहिरीवर जाऊ दिलं नाही, झाडावर चढू दिलं नाही, मक्याची लापशीही फुंकर मारून स्वतःच्या हाताने भरवली. "आई, मी लहान आहे का?" म्हणून ती फुरंगटली.

सकाळी पाणी उतरलं नव्हतं. उलट नदीने नावाड्याच्या कोंबड्यांचं खुराडंच नेलं होतं.

दुपारी बाळाची टाळू खोल गेली. बोट ठेवलं तर बोट बुडावं तशी. डोळे अर्धवट उघडे, आत काहीच नाही. आजी दोन घरं पलीकडे तापातल्या एका बाईकडे गेल्या होत्या. कासुबाला मी म्हटलं, "मलामाला घेऊन नदीवर जा. पाणी बघून या. आणि तिचा हात सोडू नकोस, ताई. कशालाही सोडू नकोस." कासुबाने माझ्याकडे नीट बघितलं आणि ती पोरीला घेऊन निघाली.

मी दार लोटलं. भिंतीला पाठ टेकून बसले. बाळ इतकं हलकं झालं होतं, की ते कापडात गुंडाळलेलं आहे की नुसतंच कापड आहे, हे हातांना कळेना. मी त्याच्या कानाशी तोंड नेलं.

"मुबांगा," मी म्हटलं. "ये. पी हवं तेवढं. मी नाही म्हणणार नाही. पण माझ्या पोरीला हात लावू नकोस. तुझंही होतं ना गं छातीशी? ओढून घेतलं ना तुझ्याकडून? मग तुला तरी कळायला हवं."

बाळाने तोंड लावलं. सावकाश, घाई नसलेल्या माणसासारखं. पिता पिता त्याने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. टक लावून. इतकी लहान बाळं अशी बघत नाहीत. माझ्या अंगावर काटा आला आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूनेही पान्हा फुटला. मी त्याला घट्ट धरलं. सोडणं मला जमलं नसतं.

दार करकरलं. मलामा उभी होती, एकटी, धापा टाकत. कासुबाच्या हाका मागून, दुरून येत होत्या. हात सोडवून पळत आली होती पोरगी.

"प्यायलं!" ती हरखली. मग पुढे येऊन तिने बाळाच्या हलणाऱ्या गालाला बोट लावलं आणि कुजबुजली, "ती आली ना आपल्याकडे?"

मी तिला जवळ ओढलं. तिचं कपाळ माझ्या गालाला लागलं. या वेळी हात माझा नव्हता, म्हणून चूक व्हायला जागा नव्हती. कपाळ तापलं होतं. पळाली म्हणून असेल.

"मी आत्ताच तिथून आले," मलामा म्हणाली. "मावशी म्हणाली तसा दगडही टाकला. पण आई, ती जर इथे आहे, तर दगडांखाली आता कोण आहे?"