लीनाच्या दाताची पांढरी कणी

मी दात भरायची एक जुनी राळ आहे, मित्रांनो, तांदळाच्या कणीएवढी. लीनाच्या पुढच्या दाताच्या तुटलेल्या कोपऱ्याच्या जागी बसलेली. १९७८ पासून इथेच राहते. पण जन्माच्या दिवशी मला जो धक्का बसला, तो आठवला की अजून अंगावर काटा येतो. आणि मला तर अंगही धड नाही.

कलकत्त्याजवळ दमदमला दातांचे डॉक्टर चारुदत्त काणे यांच्याकडे मी दोन बुटक्या डब्यांत राहत होते: अर्धी एकीत, अर्धी दुसरीत. दोघी कालवल्या की चार-पाच मिनिटांत मी दगडासारखी होते. परदेशातून आलेली, त्यामुळे माझा तोरा केवढा! उरले होते मात्र दोनच वेळांपुरती.

एके दिवशी आई लीनाला तिथं घेऊन आली; दुसऱ्याच दिवशी शाळेत लीनाचं भाषण होतं. बसच्या दांडीवर आपटून दात तुटल्यापासून ती तोंडावर हात धरूनच बोले. "असंच बोलणार असशील तर भाषणातून तुझं नाव काढून टाकते," असं बाईंनी बजावलं होतं.

डॉक्टरांनी दाताला अ‍ॅसिड लावलं, तशी लीनाची आई उठलीच. "अहो, पोरीच्या तोंडात अ‍ॅसिड?"

"वहिनी, त्यानं दातावर बारीक छिद्रं पडतात. राळ त्यांत शिरून धरून बसते. गुळगुळीत काचेवर गिलावा टिकेल का?"

दात धुऊन, कोरडा करून त्यांनी मला बसवलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी आपली लिबलिबीतच! डॉक्टरांनी टोचून पाहिलं, तर मी हत्याराला चिकटून बाहेर. माझा निम्मा संसार कापसावर पुसला गेला. मी हादरलेच. माझा एकुलता एक गुण, तोच गेला?

"घरून काय लावून आलात?"

"छे, काही नाही," आई म्हणाली.

"लवंगतेल," तोंडातल्या कापसातून लीना म्हणाली. आईनं डोळे वटारले. "आई, उद्या भाषण आहे माझं. डॉक्टर, तुम्ही हसाल म्हणून सांगू नको म्हणाली ती."

"एवढंसं तर लावलं," आई पुटपुटली. "दुखायला नको म्हणून."

"ते दुखण्याला चांगलंच, वहिनी. पण त्याच्यापुढे ही राळ जन्मात घट्ट होत नाही. आता एकदाच पुरेल एवढी आहे."

त्यांनी दात घासला, थोडा खरवडला, पुन्हा अ‍ॅसिड, पुन्हा पाणी, पुन्हा वारा. या वेळी छिद्राछिद्रांत मी बोटं रोवली. चार मिनिटांनी डॉक्टरांनी वाजवून पाहिलं. टक्.

दुसऱ्या दिवशी लीना भाषणात एक वाक्य विसरली आणि दोन्ही हात मागे बांधून चक्क हसली. सगळ्यांनी तिचे दात पाहिले; मला कुणीच नाही. याहून मोठी शाबासकी मला मिळालेली नाही.

मित्रांनो, चहानं मी आता पिवळट पडले आहे. ते चालेल. पण डॉक्टरांच्या खुर्चीत बसलात की घरी काय लावलं ते सांगून टाका. आईनं डोळे वटारले तरी सांगा.