सत्तरीचा चौक

कळव्यातल्या एका लग्नात नवऱ्याची हळद नवऱ्याच्या मामाला लागली. मामानं ती पुसली नाही. त्याला वाटलं, मान असेल आपला.

ठाण्याच्या बाजारात एक माणूस येणाऱ्याजाणाऱ्याला सुईत दोरा ओवायला लावी, आणि ज्याला ओवता येत नसे त्याच्याकडे बघून खूश होई.

कल्याणात एका दुकानात भिंतभर घड्याळं होती आणि प्रत्येकात वेगळे वाजले होते.

एक बकरी मिठाच्या मचव्यात बसून खाडीनं कल्याणला गेली. परत आली नाही.

आपलं वय किती हे कळव्यात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्यावाचून कुणाचं काही अडलंही नव्हतं.

*वय नाही*

गोदा कळव्याची धवलारीण. म्हणजे आगरी माणसाच्या घरी लग्न निघालं की भटाच्या आधी हिला बोलावणं. हळद ही लावणार, लग्नाचे धवले ही गाणार आणि मांडवात तांदळाच्या पिठाचा चौक हीच घालणार. त्या चौकावर दोन पाट मांडून नवरा-नवरी बसायची. चौकाची एक रेघ चुकली तर संसार चुकतो, असं सगळं गाव मानायचं. ज्यांचे संसार चुकले होते ते तर फारच मानायचे.

गोदेचा आवाज खाडीच्या दोन्ही तीरांना ऐकू जाई. लांबचं तिला झक्क दिसे. पलीकडून येणाऱ्या मचव्यात कोण बसलंय आणि त्यानं धोतर कालचंच गुंडाळलंय का, हे ती मिठागराच्या बांधावरून सांगे. पण जवळचं गेलं होतं. ताटातली मांदेली तिला बोटांनी चाचपून खावी लागे. मामाला हळद लागली ती त्यामुळेच. आणि त्यापुढच्या लग्नात चौकाची एक रेघ जी निघाली ती पाटापाशी थांबायचं विसरली आणि थेट मांडवाच्या मेढीला, म्हणजे मधल्या खांबाला, जाऊन भिडली.

खारेगावची शकू तिथं होती. शकूही धवलारीण, पण हिच्यापेक्षा तरुण, आणि कळव्याच्या मांडवांवर तिचा केव्हाचा डोळा.

"धवलारनीच्या डोल्यान मीठ परलंय गो," शकू सगळ्या बायांना ऐकू जाईल असं म्हणाली. "चौक कनचा आन् मेढ कनची, दिसं नाय तिला."

आठ दिवसांनी काळुराम पाटील गोदेच्या ओट्यावर येऊन बसला. तंबाखू मळत राहिला. मळून झाली तरी मळत राहिला.

"बोल की रं," गोदा म्हणाली.

"गोदाबाय, माजे पोरीचं लगीन ठरलंय. माजा चौक तुजे आयनं घातला व्हता. तुना नको बोलाला माजी जीभ रेटं नाय. पन ये खेपंला रेघ मेढीला भिरली, तं पुढचं गावचं समदं लगीन शकूला. पंचांनी ठरवलंय."

तो गेला. गोदेनं घरात जाऊन सगळी भांडी आपटून घेतली. तिचा नवरा राघो मिठागरावरून आला तो दारातच थांबला. घरात भांडं वाजलं की अंगणात थांबायचं, हे तो फार वर्षांपूर्वी शिकला होता.

"ठान्याला चालीशी मिलते," तो अंगणातूनच म्हणाला. "काच असते. डोल्याव लावाची."

"चालीशी? मी काय चालीस वरसाची हाय?"

"नाय," राघो म्हणाला, आणि शहाण्या माणसासारखा तिथंच थांबला.

*छप्पन*

ठाण्याच्या बाजारात चष्मेवाल्यानं जमिनीवर फडकं अंथरून त्यावर चष्मे मांडले होते. पितळी तारा, गोल काचा, कानाला अडकवायला दोऱ्या. लांबून पाहिलं तर उन्हात बेडूक वाळत घातल्यासारखे.

"या बाई, बसा. वय बोला."

"डोला माजा गेलाय. वय कनाला पायजे?"

"वयावरच काच असते. चाळीसाच्या माणसाला चाळिशीची, पन्नासाच्या माणसाला पन्नाशीची. वय जास्त तर काच जाड. काच जाड तर मोल जास्त. चाळिशी घ्याल तर एका कोंबडीत सुटाल. साठीला मात्र बकरी विकावी लागेल."

गोदा सावध झाली. बाजारात जन्म गेला होता तिचा. सुक्या बोंबलाचा भाव पाडताना तिनं भल्याभल्यांना रडवलं होतं. पण वयाचा भाव तिनं आजवर कुठं ऐकला नव्हता.

तेवढ्यात राघोनं मदत केली. राघोची मदत नेहमी अशी अचानकच यायची.

"खारीवरचे पुलावरनं पयली आगगाडी गेली ना, तवा हिला दोन पोरां व्हती. तिसरा पोटान व्हता."

चष्मेवाल्यानं बोटांवर मोजून हिशेब केला. "छप्पन."

"छप्पन तुजी आय!" गोदा उसळली. "मी चालीसची हाय."

"मग चाळिशी घ्या. हरकत नाही." त्यानं एक चष्मा तिच्या नाकावर ठेवला, दोऱ्या कानांना गुंडाळल्या आणि हातात सुई-दोरा दिला. "ओवा."

गोदेनं सुई लांब धरली. जवळ धरली. दोरा ओठांत ओला केला. सुईच्या वरून गेला, खालून गेला, एकदा अंगठ्यातच रुतला. भोवती माणसं जमली.

"वारा हाय," गोदा म्हणाली.

समोरच्या पानवाल्याच्या टोपलीतलं एकही पान हलत नव्हतं.

"बकरी आणा," चष्मेवाला हसून म्हणाला. "मी इथंच आहे."

परतताना गोदा भावाचा हिशेब करत चालली होती. मग एकदम म्हणाली, "वय कमी सांगितलं तं मोल कमी. बरोबर ना?"

"तसाच बोलला तो."

"मंग मी चालीसवर कनाला थांबले? ह्यो तं चोर हाय. कल्यानला जाव. तिथं पस्तीस सांगन."

"पस्तीस? तुजा मोठा पोर तिशीला आला."

"तो दिसतंयच मोठा," गोदा म्हणाली.

*पस्तीस*

मिठाचा मचवा भरतीबरोबर कल्याणला निघाला, त्यात मिठाच्या ढिगावर राघो, राघोच्या शेजारी गोदा आणि गोदेच्या मांडीशी बकरी. बकरी नुसती जवळ असावी म्हणून. गोदेच्या मनात ती द्यायची नव्हतीच. चैतातलं ऊन मिठावरून उलटं तोंडावर येत होतं. बकरी मीठ चाटत होती आणि पाणी मागत होती, आणि मचव्याचा तांडेल राघोला विचारत होता की दोघींपैकी विकायची कुठली.

"जी जास्त ओरडते ती," राघो म्हणाला.

कल्याणात चष्मे मिळायचे ते प्रभाकरपंत घड्याळजीकडे. पंत किडकिडीत, अंगात बाराबंदी, एका डोळ्याला कायमचं भिंग लावलेलं. त्यामुळे ते गिऱ्हाइकाकडे बघत तेव्हा एक डोळा माणसाचा आणि एक घुबडाचा दिसे.

"वय किती?"

"पस्तीस," गोदा म्हणाली.

पंतांनी भिंगाचा डोळा तिच्यावर फिरवला. केसांवरून, हातांवरून, बकरीवरून. "पस्तिसाव्या वर्षी चष्मा लागत नाही, बाई. घरी जा. डोळ्यांवर गार पाण्याच्या घड्या ठेवा."

गोदेचं तोंड उघडंच राहिलं. भाव पाडला की दुकानदार भांडतो, हे तिला माहीत होतं. भाव पाडला म्हणून मालच देत नाही, असला दुकानदार तिनं पाहिला नव्हता.

"अरतीस," ती म्हणाली.

पंतांनी घड्याळ उघडून त्यात डोकं घातलं.

"बरं, चालीस! चालीस घ्या."

"तुम्ही दुकानात शिरल्यापासून पाच वर्षं झाली," पंत मान वर न करता म्हणाले. "माझी घड्याळं मागंपुढं चालतात हे खरं, पण इतकी नाहीत."

राघो खो खो हसला. बकरीनंही काहीतरी म्हणून घेतलं.

"पंचेचालीस. आता याचे वर एक दीस देनार नाय."

"माझ्याशी कसली घासाघीस करता? वय तुमचं आहे."

गोदेनं राघोकडे पाहिलं, दाराबाहेर पाहिलं. ओळखीचं कुणी नव्हतं. तिनं आवाज एकदम खाली आणला. एवढा खाली तो लग्नानंतर आजच आला होता.

"पन्नास."

"आता बसा," पंत म्हणाले.

*पन्नास*

त्यांनी दिलेला चष्मा डोळ्यांवर बसला आणि गोदेला आपला हात दिसला. हातावरच्या मिठानं पडलेल्या चिरा दिसल्या. लुगड्याचा धागा न् धागा दिसला. पदराला एक डाग होता, तो कधीचा होता देव जाणे. पंतांनी तळहातावर ठेवलेल्या तांदळाच्या दाण्याचं तुटकं नाकसुद्धा दिसलं. तिचे डोळे भरून आले. ते कुणाला कळू नये म्हणून तिनं मान वळवली, तर समोर राघो वाकून तिच्याकडे बघत होता.

"आरं द्येवा!" गोदा दचकली. "पोरांचे बापा, तू असा कवा झालास?"

"कसा?"

"लांबनं बरा दिसतंस रं तू."

"मंग लांबच राव का?"

"थांब. नाकान केस हाय तुज्या." आणि तिनं पंतांच्या दुकानात, पंतांच्या देखत, तो उपटला. राघो बोंबलला.

मग मोलाची गोष्ट निघाली. गोदेनं बकरीची दोरी मागं ओढून धरली. "चालीशीला एक कोंबरी पडते, मना ठावं हाय. पन्नाशीला काय मागता? खरं बोला."

"चाळिशी असो, साठी असो, सत्तरी असो. मोल एकच," पंत म्हणाले. "काच तेवढीच, तार तेवढीच. वयाचे पैसे मी घेत नाही."

"एकच?"

"एकच. ही बकरी चालेल. आमच्या घरात दुधाची ओढ आहे."

आतून बांगड्या वाजल्या आणि एक आवाज आला, "घेऊन टाका हो!"

गोदा सुन्न झाली. म्हणजे पस्तीस सांगूनही हेच मोल. पन्नास फुकटच कबूल केले, आणि तेही नवऱ्यासमोर! राघो आता हे मरेपर्यंत पुरवून पुरवून वापरणार. तिनं नाकावरचा चष्मा काढला, पंतांसमोर ठेवला आणि कमरेवर हात ठेवले.

"मंग सत्तरी द्या."

"अहो, तुम्हाला पन्नाशीची बसली की!"

"मोल सारखंच ना? आखी बकरी देते मी. पाय कापून नाय देत. सत्तरी मिलते तं पन्नाशी कनाला घेव?"

"बाई, सत्तरीची काच फार जाड. बोट मुसळाएवढं दिसेल."

"दिसं दे. मोल भरलंय."

"नाक टेकवावं लागेल जिनसेला."

"नाक माजं हाय."

पंतांनी राघोकडे पाहिलं. राघो नाक चोळत आढ्याकडे बघत होता. शेवटी पंतांनी सत्तरी दिली. गोदा दुकानाबाहेर पडली ती कल्याणला लुटल्याच्या ऐटीत.

*सत्तर*

काळुरामच्या मांडवात गोदेनं चष्मा चढवला, तेव्हा पोरं ओरडत आयांच्या मागं लपली. बाईमाणसाच्या डोळ्यावर काच कुणी पाहिलीच नव्हती. शकू पुढच्या रांगेत येऊन बसली होती, पान लावून, निवांत.

गोदेनं धवला उचलला. आवाज चढला तसा मांडव गप्प झाला. गात गातच ती ओणवी झाली, नाक जमिनीला लागेपर्यंत, आणि पिठाची चिमूट सोडली. पीठ बांधासारखं दिसलं. बोट खरंच मुसळाएवढं. गोदेनं मनात म्हटलं, चौक फारच पसरतोय, आवर. तिनं आवरला. तरी मोठा दिसला, अजून आवरला. पण रेघ न् रेघ सरळ. कोपऱ्याला कोपरा चिकटलेला. असा चौक तिनं तरुणपणीही घातला नव्हता.

ती उठली, चष्मा काढला, दोन पावलं मागं सरकली. लांबचं तिला झक्क दिसायचंच.

चौक तांदळाच्या भाकरीएवढा होता.

पुढच्या रांगेतल्यांनी बघायला माना लांब केल्या. मग शकूनं पान थुंकलं.

"आगो बाय! याव नवरा-नवरी बसवाची का डबक्यानच्या बेरकुल्या?"

हशा उसळला. काळुराम दोन्ही हातांत दोन पाट घेऊन उभा होता, आणि त्याचं तोंड दोन्ही पाटांपेक्षा सपाट झालं होतं. पंच एकमेकांकडे बघायला लागले. घातलेला चौक पुसायचा नसतो. पुसला तर रेघ चुकल्यापेक्षा वाईट. आईचं नाव गेलं, मांडव गेले, बकरी तर गेलीच होती.

आणि मग तिला पंतांच्या दुकानात वाकून बघणारा राघो आठवला. नाकातल्या केसासकट.

"काल्या!" ती कडाडली. "दोन पाट कनाला आनलेस?"

"दोन मान्सां, दोन पाट..."

"दोन पाटांव परकी मान्सां बसतात. तुजी पोर परकेपनानं नांदवाची हाय का तुना? माजे आयला दिसं नाय व्हतं, म्हनून ती मोठा घाली. मी काच लावून घातलाय. एक पाट टाक. दोघांना एकावं बसव."

"एकावं मावतील कशी?"

"चिकटून!"

काळुरामनं एक पाट टाकला. नवरा बसला. नवरी अर्धी पाटावर, अर्धी नवऱ्यावर बसली. नवऱ्याचे कान लाल झाले. नवरीला हसू आवरेना, तिनं त्याच्याच खांद्यात तोंड लपवलं. मागच्या बाया एकमेकींना ढोसायला लागल्या. काळुरामची बायको मोठ्यानं बोलून गेली, "आमाला मेलं असं कुनी नाय बसवलं!" आणि मग हशा पुन्हा उसळला, पण आता तो शकूच्या बाजूचा नव्हता.

त्या चैत्र-वैशाखात प्रत्येक नवऱ्यामुलानं भाकरीएवढाच चौक मागितला. खारेगावातसुद्धा. शकूला लहान चौक जमेना. तिचे कोपरे फाकायचे. शेवटी एका संध्याकाळी ती गोदेच्या ओट्यावर आली, तंबाखू मळत बसली आणि हळूच म्हणाली, "गोदाबाय, ती काच कुटं मिलते?"

"ठान्याला जा," गोदा म्हणाली. "बाजारान एक भला मानूस बसतंय. पन वय खरं सांग हां त्याला. जास्त सांगितलंस तं आजून बेस देल."

राघो अंगणात होता. त्यानं तोंड फिरवलं आणि खाडीकडे बघत राहिला.

गोदा आणि राघोच्या लग्नात चौक घातलाच नव्हता. धवलारीण म्हणजे गोदेची आईच होती, आणि ती ताडी पिऊन दुपारीच झोपली होती.