मोरीत दोन दाब

मी आरशाखालच्या फळीवरची सोनेरी टोपणाची बाटली बोलतेय. चेहरे धुण्यासाठी माझा जन्म झाला. पण चेहऱ्याशी माझी ओळख जेमतेम पाच दिवसांची.

कारखान्यात माझ्या पोटात गुलाबाचा वास, मोत्याची चमक आणि खरखरीत दाणे भरले. दुकानात मी काचेमागे अशा तोऱ्यात उभी असे, की विचारू नका. एक दिवस सासूबाई आल्या. "माझ्या सुनेला मुरुमांचा फार त्रास आहे हो. चांगल्यातलं चांगलं द्या."

सून घरात नवी. हळू बोलणारी, दारं आवाज न करता लावणारी. मला वाटलं, आता आपण जादू करणार. पाचव्या दिवशी तिचे गाल भाजल्यासारखे लाल झाले. न्हाणीघराची कडी लावून, नळ सोडून तिने बहिणीला फोन केला.

"ताई, तोंडाचा नुसता खडीचा रस्ता झालाय गं!"

"मग ते अत्तर फासणं बंद कर. औषधाच्या दुकानात साधं, बिनवासाचं मिळतं, ते घे. आणि घासू नकोस. चेहरा आहे, कढई नाही."

"आईंना काय सांगू? किती हौसेने आणलीय."

"सांग, सोसत नाही म्हणून."

"तू येऊन सांग!"

दुसऱ्या दिवशी एक ठेंगणी, पांढरी, स्वस्तातली नळी आली. वास नाही, रंग नाही, फेससुद्धा बेताचाच. तिला टॉवेलांमागे लपवलं. दीड-दोन महिन्यांत सुनेचे गाल निवले.

आणि मी? दिसायला पुढेच. रोज सकाळी सून माझ्या डोक्यावर दोनदा दाबायची आणि मला सरळ मोरीत सोडायची. का, तर सासूबाईंना मी कमी होताना दिसावी. सुटीच्या दिवशीही खंड नाही. तिचा तळवा तेवढा ओळखीचा राहिला. चेहरा आरशातूनच बघायचा. मोरी मात्र गुलाबासारखी घमघमायची.

सासूबाई मला उजेडात धरून बघत आणि "मानवली हो!" म्हणत. व्हायचं तेच झालं. मी तळाला गेले, तशी त्यांनी माझी थोरली बहीण आणून फळीवर ठेवली, दुप्पट मापाची.

"घे. आता वर्षभर बघायला नको."

सून त्या बाटलीकडे बघत राहिली.

"आई... मला ही सोसत नाही. पहिल्याच आठवड्यात आग झाली. मी रोज ओतून देते."

सासूबाई दाराच्या चौकटीला टेकल्या. "आणि मी शेजारणीला सांगत सुटलेय!" मग आवाज उतरवून, "एवढी भीती वाटली माझी?"

सुनेने टॉवेलांमागची नळी त्यांच्या हातात ठेवली. चष्मा वर करून त्यांनी ती उलटसुलट पाहिली.

"हिने झालं हे?... बरं. उद्या मोठी परत करू. पण दुकानात तू बोलायचंस. मी गप्प."

थोरली खोक्यातूनच परत गेली. नळी पुढे आली आणि टॉवेलांमागे आता मी. रिकामी, टोपण सोनेरी म्हणून कुणाला टाकवत नाही, इतकंच. आता डोक्यावर हातही पडत नाही.

बाई गं, पहिल्याच आठवड्यात नको म्हणाली असतीस, तर मला एक दिवस वाईट वाटलं असतं. तू मात्र रोज दोन दाब वाईट वाटू दिलंस.

असो. हल्ली न्हाणीघराचं दार खाडकन लागतं. फळी हलते, मीही हलते. तेवढाच तिचा स्पर्श.