निंबाच्या नावावर शोभाबाईची थप्पड

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी पोलिसांनी निंबाला उचललं, तेव्हा त्याची बायको शोभाबाई भाकरी थापत होती. निंबाने म्हणे गजेंद्र मास्तरचे दोन दात पाडले. निंबाने! पंचेचाळीस किलोचा माणूस, टेबलफॅन तीनवर केला की उंबऱ्यापर्यंत सरकायचा. दात पाडले होते शोभाबाईने, आणि तेसुद्धा डाव्या हाताने, कारण उजव्या हातात पलीकडच्या चाळीतल्या पुष्पाबाईची वेणी होती.

झालं असं. तिकडे खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन गावच्या बायका नदीच्या दोन काठांवर उभ्या राहतात आणि एकमेकींना शिव्या घालतात, खडे मारतात, झिंज्या धरतात. याला बार खेळणं म्हणतात. दुसऱ्या दिवशी राग नाही, रुसवा नाही. इथे सुरतेत, बमरोलीत नदी कुठली? म्हणून नाल्याच्या दोन बाजूंच्या चाळी खेळतात. पुरुषांनी तिकडे फिरकायचं नाही. ते घरात पत्ते कुटतात.

गजेंद्र मास्तर शाळेचा नव्हे, कापडाच्या लूम खात्यावरचा नवा मुकादम. इकडेच इच्छापोरला वाढलेला, त्याला बार ठाऊक नाही. तो मिशी पिळत मधे घुसला.

"ए बायांनो, बाईमाणसाला शोभतं का हे?" म्हणाला आणि शोभाबाईचं मनगट धरलं.

शोभाबाईने मनगट सोडवलं आणि एक ठेवून दिली. मास्तर साडेतीन गिरक्या घेऊन नाल्यावरून उडाला, वाटेत एका बगळ्याला 'सॉरी' म्हणाला, आणि पलीकडे कापडाचा टेम्पो सुरू होता त्यात आडवा झाला. टेम्पोवाल्याला पत्ताच नाही. भेस्तानला माल उतरवताना तागे मोजले, तर एक मास्तर जास्त भरला. (बगळा अजून येतो तिथे, विचारा हवं तर.)

आता बाईने मारलं हे मास्तर कसा सांगणार? चौकीत म्हणाला, "चार पहिलवान होते." साहेबांनी विचारलं, "नावं?" मास्तरच्या डोळ्यांपुढे शोभाबाईचा पंजा नाचत होता. तोंडातून निघालं, "शोभाबाईचा नवरा."

निंबा तेव्हा पत्ते खेळत होता. पण साक्ष कोण देणार? जुगाराची केस व्हायची या धाकाने त्याच्या सगळ्या भिडूंची वाचाच बसली.

शोभाबाई पिठाच्या हातानेच चौकीत गेली.

"साहेब, त्यांना सोडा. मी मारलं."

साहेब गुजराती, भला माणूस. त्याचे डोळे भरून आले. "वाह बेन! पतीसाठी गुन्हा अंगावर घेता? अशा संस्कारी बायका राहिल्या कुठे आता? तमे घेर जाओ."

"अहो, खरंच मी मारलं! डाव्या हाताने!"

"जुओ, बघ," साहेब हवालदाराला म्हणाला, "किती प्रेम! बेनसाठी चहा मागव."

ती जितकं खरं बोले, तितकी चांगली बायको ठरे. तिने पुष्पाबाईला आणलं. वेणी उपटलेली पुष्पाबाई शपथेवर म्हणाली, "हिनेच मारलं." साहेब गहिवरून म्हणाला, "आणि मैत्रीणही कशी!" उद्या निंबाला कोर्टात उभं करणार होते.

शोभाबाई लॉकअपच्या गजांपाशी गेली. बघते तर निंबा मांडी घालून बसलेला, आजूबाजूला दोन खिसेकापू, एक त्याचे पाय चेपतोय.

"वर्षाना बाप!" तिने लेकीच्या नावावरून नवऱ्याला हाक मारली. "सांगा ना यांना, तुम्ही नाही मारलं म्हणून!"

निंबा हळूच म्हणाला, "अगं, हे मला निंबाभाई म्हणतात. दोनदा चहा दिला. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला घाबरलं."

"आणि कोर्टात काय सांगाल?"

"तेवढं मात्र बघ तू काहीतरी," निंबा म्हणाला आणि गजांपाशी सरकला.

शोभाबाई वळली. "साहेब, मास्तरला बोलवा. ओळख पटवायची असते ना?"

मास्तर आला. तोंडावर फडकं बांधलेलं. लॉकअपमधल्या निंबाला त्याने ओळखलंच नाही, म्हणाला, "काय भाऊ, तंबाखू आहे का?" साहेबाची भुवई वर गेली. कुणी आपले दात पाडणाऱ्याकडे तंबाखू मागतं?

तेवढ्यात दाराआडून शोभाबाई पुढे आली. केस सावरायला तिने डावा हात वर केला, बस. मास्तर टेबलावरून उडी मारून हवालदाराच्या मांडीवर. तिथून लॉकअपच्या दारात. "उघडा! मला आत घ्या! भाऊ, वाचवा!"

साहेबाने चहाचा कप खाली ठेवला आणि खुर्ची जरा मागे घेतली.

"बेन... तमे?"

"सकाळपासून काय सांगतेय मी? आता लिहा. शोभाबाई निंबा, राहणार बमरोली. एक थप्पड."

"लिहू नका!" मास्तर किंचाळला. "खात्यात तोंड कसं दाखवू? मी पडलो! जिन्यावरून पडलो! तक्रार मागे!"

"घरात जिना तरी आहे का रे तुझ्या?" साहेबाने विचारलं.

"बांधतो!"

तक्रार नाही तर गुन्हा नाही. साहेबाने निंबाला सोडलं. आपल्या थप्पडीची कागदावर नोंद हवी म्हणून शोभाबाई अडून बसली होती, पण साहेब म्हणाला, "बेन, हे लिहिलं तर वरचे मलाच विचारतील, पिऊन लिहिलं का म्हणून."

बाहेर आले. नाक्यावरच्या श्रीरंग चहावाल्याने निंबाला पाहून कडक सलाम ठोकला. "या निंबाभाई! एका फटक्यात भेस्तान!"

निंबाची छाती दोन इंच फुगली. मग त्याने शेजारी पाहिलं. शोभाबाई हातावर वाळलेलं पीठ झटकत होती. निंबाने घसा खाकरला आणि सगळ्या नाक्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "मी नाही रे. हिने मारलं."

श्रीरंग पोट धरून हसला. गिऱ्हाइकं हसली. "काय गमत्या माणूस! म्हणे बायकोने!"

"शप्पथ हिनेच," निंबा म्हणाला.

"बरं, बरं. वहिनी, दाखवा मग आम्हाला पण!" श्रीरंग गाल पुढे करून म्हणाला.

शोभाबाईने निंबाला बाजूला केलं, पदर खोचला, आणि रस्त्यावर एखादा टेम्पो येतोय का ते पाहिलं.